‘जिंगल बेल्स’मध्ये नाताळ शोधून दाखवा

डिसेंबर लागला की बंगळुरूच्या जयनगर फोर्थ ब्लॉकच्या बाजारात लाल टोप्या लटकू लागतात आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांत ‘जिंगल बेल्स’ वाजतं. हे नाताळचं गाणं, यात कुणाला शंका नसते. पण शब्द नीट वाचा. त्यात येशू नाही, गोठा नाही, सांताक्लॉज नाही. नाताळचं नावसुद्धा नाही. आहे ती एका घोड्याची बर्फावरची गाडी, शेजारी बसवलेली मुलगी आणि बर्फाच्या ढिगात उलटल्यावर झालेली फजिती. तरुणपणीच मुलींना फिरवून घ्या, असा वर सल्लाही आहे.

मग ते चर्चच्या मुलांसाठी, अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला लिहिलं, असं सांगितलं जातं. त्यालाही पुरावा नाही. जेम्स पिअरपॉन्टचं हे गाणं बॉस्टनमध्ये 1857 च्या सप्टेंबरात ‘वन हॉर्स ओपन स्ले’ या नावाने छापलं गेलं. त्याच महिन्यात ते तिथल्या ऑर्डवे हॉलमध्ये गायलं गेलं, तेही तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करणाऱ्या गोऱ्या नटांच्या खेळात. नाट्य-इतिहासकार कायना हॅमिल यांनी 2017 साली हे उजेडात आणलं, तेव्हा बरेच जण दुखावले. मेडफर्ड आणि सव्हाना ही दोन अमेरिकी गावं मात्र ‘गाणं इथेच लिहिलं’ अशा पाट्या लावून अजून भांडताहेत. आजचं नाव 1859 च्या आवृत्तीत आलं. आणि ध्रुवपदाची आपण गुणगुणतो ती चाल? ती पिअरपॉन्टच्या मूळ छापील प्रतीत नाहीच, तिथे वेगळी आहे.

घंटाही शोभेच्या नव्हेत. बर्फावर गाडी आवाज न करता येते, म्हणून घोड्याच्या गळ्यात त्या बांधत. बैलांच्या घुंगरमाळेसारखाच वाटेतल्यांना इशारा.

गाण्याला नाताळ चिकटला तो मागाहून, आणि मग पक्काच चिकटला. 16 डिसेंबर 1965 ला जेमिनी 6 यानातून शिरा आणि स्टॅफर्ड या अमेरिकी अंतराळवीरांनी लाल कपड्यातला कुणीतरी उडत चाललाय, अशी थाप मारली आणि माउथ ऑर्गन व घंटांवर हेच वाजवलं. अवकाशात वाद्यांवर वाजवलेलं हे पहिलं गाणं. आपल्याकडे बप्पी लाहिरींनी 1975 च्या ‘जख्मी’ चित्रपटात लता मंगेशकरांच्या, चंद्रावर न्यायचं म्हणणाऱ्या गाण्याला हेच ध्रुवपद जोडलं. घोडा, बर्फ, उलटलेली गाडी सगळं गळालं. घंटा राहिल्या, आणि फिरायला जायचं ठिकाण झालं थेट चंद्र.