दप्तरात मावणारं यंत्र, विश्वात न मावणारा खेळ

नव्वदच्या दशकात सायटेक कंपनीचा ‘कास्पारोव्ह ट्रॅव्हल चॅम्पियन २१००’ नावाचा बुद्धिबळाचा संगणक बाजारात आला. शाळेच्या दप्तरात मावेल एवढा. मोहरा उचलायचा आणि त्यानेच घर किंचित दाबायचं. ‘बीप’ होतं. मग जिथे ठेवायचा ते घर दाबायचं, पुन्हा ‘बीप’. थोडा वेळ थांबायचं. छोट्या पडद्यावर त्याचं उत्तर उमटतं आणि बहुतेकांचा घाम निघतो.

आता आत काय आहे ते ऐका. फ्रान्स मॉर्श या डच प्रोग्रॅमरने लिहिलेला सगळा प्रोग्रॅम ३२ किलोबाइटचा. हा लेख मोबाइलमध्ये तीनदा साठवला, की जवळपास तेवढी जागा संपली! सुरुवातीच्या चाली, हत्ती-उंटांची किंमत, मात कशी करायची, सगळं त्यातच. आणि खेळताना आकडेमोड करायला पाटी केवढी? एक किलोबाइट. म्हणजे १,०२४ बाइट. वरचा परिच्छेद लिहिला, की ती जवळपास भरली.

एवढी पाटी घेऊन हे यंत्र कशाला भिडतं? चला, सोबत मोजू.

पट मांडा. पांढऱ्याची आठ प्यादी, प्रत्येकाच्या दोन चाली. दोन घोडे, त्यांच्याही दोन-दोन. एकूण २०. काळ्याकडेही तेवढ्याच. दोघांची एकेक चाल झाली की डाव पुढे जाण्याच्या ४०० वाटा. इथवर वहीत लिहून काढता येईल. पांढऱ्याने दुसरी चाल केली, ८,९०२. काळ्याने उत्तर दिलं, १,९७,२८१! एका वाटेला एक माणूस धरा, गर्दीच्या वेळच्या एका लोकलमध्ये पाच हजार माणसं कोंबा, तरी चाळीस लोकल लागतील. आणि अजून दोघांच्या दोन-दोनच चाली झाल्यात. कुणी किल्लेकोटसुद्धा केलेला नाही.

तीन-तीन चाली झाल्या की आकडा होतो ११,९०,६०,३२४. आता २०११ची जनगणना काढा. महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३. गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत, पाळण्यातल्या बाळासकट प्रत्येकाला एकेक वेगळी वाट देऊन टाका. सगळ्यांना पुरून वर ६६,८५,९९१ उरतात!

इथून पुढे माणसं पुरायची नाहीत, म्हणून रूळ घेऊ. एका वाटेला एक मिलिमीटर. मुंबई-पुणे रेल्वेने १९२ किलोमीटर आणि डेक्कन क्वीन रोज एकदा येते, एकदा जाते. दोघांच्या मिळून सात चाली झाल्या की सगळ्या वाटांची लांबी ३,१९६ किलोमीटर. डेक्कन क्वीनला आठ-नऊ दिवसांचं काम. आठवी चाल, सात महिने. नववी, सतरा वर्षं. दहावी? ४९४ वर्षं! ही गाडी १९३० साली सुरू झाली. शिवजन्माच्या शंभरेक वर्षं आधी सुटून ती रोज धावत राहिली असती, तर आता कुठे शेवटच्या स्टेशनात शिरली असती.

हेच रुपयांत पाहा. वाटेला एक रुपया दिला तर दहा चालींचे होतात ६९ लाख ३५ हजार कोटी रुपये. २०२५-२६चा अख्खा केंद्रीय अर्थसंकल्प ५० लाख ६५ हजार कोटींचा होता. देशाची तिजोरी रिकामी करूनही पहिल्या पाच-पाच चालींचा हिशेब चुकता होत नाही!

आपलं यंत्र सेकंदाला दोन हजार स्थिती तपासतं असं धरू. या दहा चालींच्या सगळ्या वाटा बघायला त्याला सुमारे अकराशे वर्षं लागतील. तोवर सेल टिकणार नाहीत. मग ते उत्तर कसं देतं? बहुतेक वाटा न बघता! एखादी चाल केली की समोरचा फुकटात वजीर मारतो, एवढं दिसलं की पुरे. त्या चालीला आणखी कोणकोणती उत्तरं आहेत हे मोजत बसायचं नाही. तिथेच काट मारायची, पुढची घ्यायची. या युक्तीला ‘अल्फा-बीटा’ म्हणतात आणि तिची करामत मला कुठल्याही जादूपेक्षा मोठी वाटते. डावाच्या मध्यावर दर वेळी ३५ चाली शक्य आहेत असं धरलं, तर सहा चाली पुढचं पाहायला १,८३,८२,६५,६२५ स्थिती तपासाव्या लागतात. तपासण्याचा क्रम अगदी अचूक लागला तर त्यातल्या ८५,७४९ पुरतात. उत्तर तेच! साडेदहा दिवसांचं काम ४३ सेकंदांत. चहाचा घोट घेऊन कप खाली ठेवेपर्यंत.

याच कामाला आयबीएमने हत्ती जुंपला होता. १९९७ साली न्यूयॉर्कमध्ये जगज्जेत्या कास्पारोव्हला साडेतीन-अडीचने हरवणारा त्यांचा संगणक डीप ब्लू सेकंदाला २० कोटी स्थिती पाहायचा. एक स्थिती म्हणजे खसखशीचा एक दाणा, घन मिलिमीटरभर. दहा मीटर रुंद, तेरा मीटर खोल अशी गावातली दांडगी विहीर घ्या. डीप ब्लू ती दीड तासाच्या आत काठोकाठ भरेल. आपल्या दप्तरातल्या गड्याला सोळा वर्षं लागतील.

पण बुद्धिबळाच्या साऱ्या संभाव्य स्थिती भरायला किती विहिरी हव्यात? विहिरींचं नाव काढू नका. पृथ्वी पोकळ केली तरी ती कोपऱ्यात पडेल. या स्थितींचा अंदाज आहे ४८ वर ४३ शून्यं. सूर्य पोकळ करा, त्यात खसखस ओता. असे ३४ कोटी सूर्य लागतील!

आणि या तर नुसत्या स्थिती. डाव किती? गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९५० साली चाळीस-चाळीस चालींच्या डावांचा अंदाज मांडला, १ वर १२० शून्यं. दिसणाऱ्या विश्वातले सगळे अणू मिळून साधारण १ वर ८० शून्यं. आता श्वास रोखा. त्यातल्या प्रत्येक अणूचा एक डीप ब्लू करा. विश्व जन्मल्यापासून १,३८० कोटी वर्षं सगळे अखंड चालवा. दर स्थितीला एक पूर्ण डाव मोजून झाला असं समजा. किती डाव संपले? शॅननच्या आकड्याचा कोटीचा कोटीवा हिस्सासुद्धा नाही! अशी आणखी कोटी गुणिले कोटी विश्वं आणा, मग कुठे हिशेब जुळायला लागेल.

त्या आकड्यासमोर एक किलोबाइटची पाटी घेऊन बसलेलं यंत्र तुमच्या घरात माळ्यावर पडलं असेल, तर आजच खाली काढा. आत राहिलेले सेल गळले असतील, तर पट्ट्या नीट पुसून नवे घाला. लेव्हल सगळ्यात खालची ठेवा आणि घरातल्या लहानग्यांना पांढरी मोहरी द्या.