छेडछाडीचं बिल कोण भरतं?

पोलीस, बस, रस्त्यावरचे दिवे आणि घरांची सोडत. शहरात या चार गोष्टींवर चार वेगळे वाद चालतात. रात्री आठ वाजता स्टेशनबाहेर पडणाऱ्या मुलीसाठी मात्र हा सगळा एकच रस्ता असतो.

अ‍ॅडमिशनचा सीझन आठवा. प्रेफरन्स फॉर्म भरताना घरात जी चर्चा होते, ती मुलगा आणि मुलगी यांच्यासाठी सारखी नसते. मुलाला विचारतात, 'कॉलेज चांगलंय ना? कितीला क्लोज होतं?' मुलीसाठी त्यानंतर आणखी चार प्रश्न असतात. गाडी बदलावी लागेल का? स्टेशनपासून किती चालायचं? प्रॅक्टिकल संपेपर्यंत किती वाजतील? येताना रिक्षा मिळते का? मग यादीतलं तिसऱ्या नंबरचं कॉलेज हळूच पहिल्या नंबरवर येतं. याला कुणी छेडछाडीचा परिणाम म्हणत नाही. 'जवळ पडतं' असं म्हणतात आणि विषय संपतो.

हा परिणाम मोजता येतो का? अर्थतज्ज्ञ गिरिजा बोरकर यांनी तो दिल्लीत मोजला. दिल्ली विद्यापीठाच्या सुमारे ४,००० विद्यार्थ्यांकडून त्यांनी माहिती घेतली. कुणाला किती मार्क होते, कुठली कॉलेजं मिळू शकत होती, प्रत्यक्षात कुठलं घेतलं आणि तिथे जायचा रस्ता कसा आहे, हे सगळं त्यांनी नकाशांवर आणि 'सेफ्टीपिन'सारख्या अ‍ॅपवरच्या सुरक्षिततेच्या नोंदींवर ताडून पाहिलं. त्यातून जे दिसलं ते आपल्यापैकी अनेकींना माहीतच आहे. चांगल्या कॉलेजचे मार्क हातात असूनही केवळ रस्ता सुरक्षित वाटतो म्हणून मुली कमी दर्जाचं कॉलेज घेतात. सुरक्षित प्रवासासाठी त्या जास्त पैसे मोजायलाही तयार असतात. मुलांमध्ये ही तडजोड खूपच कमी दिसली.

म्हणजे शिट्टी मारणारा दोन सेकंदांत निघून जातो आणि त्याचं बिल ती तीन वर्षं भरते. कधी डिग्रीत, कधी रिक्षाच्या भाड्यात, कधी सोडून दिलेल्या इंटर्नशिपमध्ये. 'सातच्या आत घरात' नावाचा मराठी सिनेमा २००४ मध्ये आला होता. ते वाक्य आजही अनेक घरांत नियम म्हणून टिकून आहे.

हे बिल कमी कसं करायचं, यावर शहरात वाद जोरात आहेत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये, कॉलेजच्या कट्ट्यावर, लेडीज डब्यात. त्यातले चार मुंबईच्या उदाहरणांवरून बघू.

'पोलीस वाढवा'

पहिली मागणी नेहमी हीच असते आणि ती चुकीची नाही. फक्त 'पोलीस' म्हणजे नेमकं कोण, हे बघायला हवं. विरारहून चर्चगेटला येणारी मुलगी घरातून निघते ती मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत. हे आयुक्तालय ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालं. स्टेशनात शिरली की गुन्हा नोंदवण्याचं काम लोहमार्ग पोलिसांचं, म्हणजे राज्य सरकारचं. प्लॅटफॉर्मवर दिसणारं रेल्वे सुरक्षा दल केंद्राचं. चर्चगेटच्या बाहेर पाऊल टाकलं की मुंबई पोलीस. एकाच सकाळी चार यंत्रणा! त्यामुळे 'हे आमच्या हद्दीत येत नाही' हे वाक्य किती जणींनी ऐकलं असेल, विचार करा.

आता कायद्याने या वाक्याला अर्थ उरलेला नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात घ्यावीच लागते, गुन्हा कुठेही घडलेला असो. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. त्याच दिवशी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत लैंगिक छळ कलम ७५ मध्ये, पाठलाग कलम ७८ मध्ये आणि शब्द, हावभाव किंवा कृतीतून केलेला अपमान कलम ७९ मध्ये आहे. अशा गुन्ह्यांत पीडितेची तक्रार महिला अधिकाऱ्याने नोंदवून घ्यायची असते. 'नाही' सांगितल्यावरही मागे मागे येणं, ऑनलाइन नजर ठेवणं हा पाठलागच आहे. पहिल्या वेळी त्याला तीन वर्षांपर्यंतची शिक्षा होऊ शकते.

मग तक्रारी का होत नाहीत? एक कारण घर. तक्रार केली की पहिली बंदी त्या मुलाच्या फिरण्यावर येत नाही, तिच्यावर येते. दुसरं कारण खुद्द पोलिसांविषयीची भीती. ऑगस्ट २०१५ मध्ये मालवणी पोलिसांनी मढ आणि आक्सा भागातल्या हॉटेलांवर छापे टाकले आणि सज्ञान जोडप्यांना 'सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन' म्हणून ताब्यात घेतलं. बंद खोली सार्वजनिक कशी, हा प्रश्न तेव्हा सगळ्यांनीच विचारला होता. अशा गोष्टी तरुणांच्या लक्षात राहतात. 'रात्री तिथे काय करत होतीस?' हा प्रश्न तक्रार घेणाऱ्याकडूनच येईल असं वाटलं, तर नाक्यावर आणखी दोन गणवेश उभे करून फार फरक पडणार नाही. पोलिसांची संख्या वाढायला हवीच, पण त्यांनी विचारायचे प्रश्नही बदलायला हवेत.

'हे फेरीवाले हटवा'

दुसरा वाद फुटपाथवरचा. अनेक रहिवाशांना वाटतं, स्टेशनबाहेरची गर्दी आणि गाड्या हटवल्या की रस्ता सुरक्षित होईल. त्यामागे एक जखमही आहे. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. त्यानंतर स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाले नकोत, ही मागणी जोरात आली आणि मुंबई उच्च न्यायालयानेही तीच मर्यादा कायम केली.

अरुंद पुलावर माल मांडणं धोकादायक आहे, यात वाद नाही. पण स्टेशनपासून घराकडे जाणाऱ्या रस्त्याचं गणित वेगळं आहे. रात्री दहाला वडापावची गाडी चालू असेल, मोसंबीवाला असेल, मेडिकलचं शटर वर असेल, तर तो रस्ता 'चालू' वाटतो. जेन जेकब्ज या अमेरिकन लेखिकेने १९६१ मध्येच लिहून ठेवलंय की रस्ता सांभाळतात ते रस्त्यावर असलेले डोळे. मुंबईच्या शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये 'व्हाय लॉयटर?' या पुस्तकात याच्या पुढचा मुद्दा मांडला. बाईला रस्त्यावर असण्यासाठी कायम काहीतरी काम दाखवावं लागतं. फोन कानाला, पावलं भरभर, हातात पिशवी. उगाच रेंगाळणाऱ्या बायका जितक्या जास्त दिसतील, तितका रस्ता सगळ्यांचा होईल, असं त्या म्हणतात.

याची उलट बाजू स्कायवॉकवर दिसते. चालणाऱ्यांना रस्त्याच्या वर उचलायचं म्हणून एमएमआरडीएने २००८ पासून ते बांधले. खालची दुकानं, रिक्षावाले, ओळखीचे चेहरे खालीच राहिले. वर कुणी त्रास दिला तर पुढचा जिना येईपर्यंत बाहेर पडायला वाट नाही. त्यामुळे खाली गर्दी असूनही अनेकजणी खालूनच जातात.

'बस येते कधी?'

तिसरा वाद प्रवासाचा. मुंबईने या बाबतीत कधीकाळी जगाला वाट दाखवली होती. ५ मे १९९२ ला चर्चगेट ते बोरिवली अशी लेडीज स्पेशल लोकल धावली. मुलींच्या कित्येक पिढ्यांनी तिच्यात अभ्यास केला, भाज्या निवडल्या, वाढदिवस साजरे केले. पण लोकल स्टेशनपर्यंतच सोडते. पुढचा एक-दोन किलोमीटरचा प्रश्न बसचा आहे. बेस्टच्या ताफ्यात एकेकाळी ४,००० हून जास्त गाड्या होत्या. आज तो बराच आक्रसलाय. त्यातच ९ मे २०२५ पासून साध्या बसचं किमान भाडं ५ वरून १० रुपये आणि एसीचं ६ वरून १२ रुपये झालं.

दिल्लीने ऑक्टोबर २०१९ पासून महिलांना बस मोफत केली. आपल्याकडे एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट आहे. याचा फायदा खराच आहे, विशेषतः ज्या घरात मुलीच्या पासाचे पैसे मोजून दिले जातात तिथे. तरी तिकीट अर्धं झालं म्हणून थांब्यावरची वाट बघणं अर्धं होत नाही. भीतीचा मोठा भाग बसमध्ये नसतोच, तो अंधाऱ्या थांब्यावर चाळीस मिनिटं उभं राहण्यात असतो. कॅनडातल्या माँट्रियलने १९९६ मध्ये एक साधी गोष्ट केली: रात्रीच्या वेळी बाईने सांगितलं तर ड्रायव्हर दोन थांब्यांच्या मध्येही बस थांबवेल. नवीन रस्ता नाही, नवी गाडी नाही, तरी अंधारातलं चालणं कमी झालं.

'घर मिळालं, पण कुठे?'

चौथा वाद वरवर बघता छेडछाडीशी संबंधित वाटतच नाही. तो आहे घरांचा.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. पुढे गिरण्या बंद पडल्या, जमिनींवर टॉवर आणि मॉल आले. त्या जमिनींतला काही वाटा कामगारांच्या घरांसाठी ठेवायचा असं ठरलं आणि म्हाडामार्फत सोडती निघाल्या. पण वारसदार जास्त, मुंबईतली घरं कमी. मग घरं देण्यासाठी शेलू आणि वांगणीची नावं पुढे आली. मार्च २०२४ च्या शासन निर्णयानंतर गिरणी कामगारांच्या संघटनांनी याला विरोध केला. जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर मोर्चाही झाला. मागणी एकच: आम्ही मुंबईत राबलो, घर मुंबईत द्या.

या वादात एक बाजू म्हणते, 'फुकटाजवळ घर मिळतंय, घ्या ना.' नकाशा उघडा. वांगणी आणि शेलू ही बदलापूरच्या पुढची स्टेशनं, सीएसएमटीपासून ८० किलोमीटरच्या आसपास. तिथे थांबणाऱ्या गाड्या कल्याणच्या मानाने फारच कमी. आजोबा लालबागच्या गिरणीत होते, नात परळच्या कॉलेजात शिकते असं धरा. शेवटचं लेक्चर संध्याकाळी पाचला संपलं तरी घरी पोचायला आठ वाजणार. एक गाडी चुकली तर नऊ. 'सातच्या आत घरात' हा नियम ज्या घरात आहे, तिथे या वेळापत्रकाचा अर्थ सरळ आहे: ते कॉलेज बंद. घराचा पत्ता ठरवणाऱ्या कागदावर तिच्या शिक्षणाचा निर्णयही होऊन जातो, आणि त्या कागदावर तिचं नाव कुठेच नसतं.

व्हिएन्ना शहराने १९९० च्या दशकात 'फ्राउएन-वेर्क-श्टाट' नावाची वसाहत उभारली. सगळ्या डिझाइन स्त्री-आर्किटेक्टच्या. आवारातच बालवाडी, जिन्यांत नैसर्गिक उजेड, घरातून अंगणावर नजर राहील अशी रचना आणि ट्राम जवळ. घर बांधताना तिथे आधी एक प्रश्न विचारला गेला: इथे राहणारी बाई दिवसभरात कुठे कुठे जाते? आपल्याकडे सोडतीच्या जाहिरातीत कार्पेट एरिया असतो, किंमत असते. शेवटची बस किती वाजता आहे, हे नसतं.

मग आपण काय करायचं?

सगळ्यात आधी, एकाच ठिकाणी रागावणं थांबवायचं. दिवा बंद असेल तर तक्रार महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात. बसची वेळ सुटत असेल तर डेपोत. लोकलमध्ये त्रास झाला तर रेल्वेची १३९ हेल्पलाइन, आणि कुठेही तातडीची मदत हवी असेल तर ११२. कॉलेजची अंतर्गत समितीही विसरू नका. यूजीसीच्या २०१५ च्या नियमांनुसार विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरणात तिच्यात विद्यार्थी प्रतिनिधी असतात आणि कॉलेजच्या बसमध्ये घडलेली गोष्टही तिच्या कक्षेत येते.

दुसरं, मोजायचं. एनएसएसच्या एका कॅम्पचं काम आहे हे. कॉलेजपासून स्टेशनपर्यंत संध्याकाळी सात आणि रात्री नऊ वाजता चाला. किती दिवे बंद, किती दुकानं चालू, बससाठी किती मिनिटं थांबावं लागलं, लिहून काढा. 'मुलींना असुरक्षित वाटतं' या वाक्याला अधिकारी मान डोलावतात. '११ पैकी ६ दिवे बंद' असा आठवडाभराचा तक्ता तारखेसकट टेबलावर ठेवला की उत्तर द्यावं लागतं.

तिसरं खास मुलांसाठी. ग्रुपमधला मित्र कुणावर कमेंट मारतो तेव्हा हसायचं नाही. तिच्यासाठी हिरो बनून मारामारी करायची गरज नाही. 'गप रे, चल' एवढं मित्राला सांगायला मात्र धाडस लागतं. ते ती सांगू शकत नाही, तुम्ही सांगू शकता.

आणि पुढच्या वेळी घरात मुलीच्या कॉलेजची, नोकरीची किंवा रात्रीच्या क्लासची चर्चा निघाली आणि कुणी 'लांब पडतं' म्हणालं, तर एवढं नक्की विचारा: लांब किलोमीटरमुळे पडतं की रस्त्यामुळे? रस्त्यामुळे पडत असेल, तर बदल रस्त्यात व्हायला हवा. तिच्या फॉर्मवरचं कॉलेज आहे तसंच राहू द्या.