अहमदजान थिरकवा : साथीदाराची थोरवी

मंडळी, डहाणू तालुक्यात कैनाडसारख्या गावी नवं भात घरात आलं, की एखाद्या संध्याकाळी पाड्यावर तारपा घुमू लागतो. तारप्याचा सूर बदलला, की हातात हात गुंफलेली रांग पाऊल बदलते. म्होरक्या घुंगरांची काठी जमिनीवर आपटतो आणि सगळ्यांचे पाय एका ठेक्यात पडतात. लय म्हणजे काय, हे तिथल्या पोरांना कुणी पुस्तकातून शिकवलेलं नसतं. तेव्हा ज्यांच्याविषयी आज सांगायचं आहे, ते उस्ताद अहमदजान थिरकवा तुम्हांला परके वाटायचे नाहीत. त्यांनी सारा जन्म हा ठेकाच तर सांभाळला!

आधी वाद्याविषयी दोन शब्द. उजव्या हाताशी लाकडी तबला, डाव्या हाताशी धातूचा डग्गा. दोहोंवर चामड्याची पुडी. पुडीवर जी काळी गोल शाई दिसते, ती लोखंडाचा कीस आणि भाताची खळ यांचे थरावर थर देऊन घोटलेली असते. या शाईमुळंच तबल्याला स्वर येतो. साधा ढोल नुसता दणाणतो. तबला गायकाच्या स्वरात मिळवता येतो. वाद्या ताणणाऱ्या गठ्ठ्यांवर हातोडीचे ठोके पडतात, ते एवढ्याचसाठी.

थिरकवांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, उत्तरेकडं मुरादाबाद इथं झाला. घराणं गाण्याबजावण्याचं. लहानपणीच ते मुंबईस आले आणि उस्ताद मुनीरखाँसाहेबांचे शागीर्द झाले. मुनीरखाँनी स्वतः अनेक उस्तादांकडून विद्या जमवली होती. दिल्लीचा बाज, फरुखाबादचा बाज, असं नाना ठिकाणचं धन एका घरात होतं. 'थिरकवा' हे त्यांचं मूळचं नाव नव्हे. या पोराची बोटं तबल्यावर नाचतात, थिरकतात, म्हणून गुरुघरी हे नाव पडलं, असं सांगतात. पण बोटं काही आपोआप थिरकत नाहीत. एकच बोल, तोच पुन्हा, तोच पुन्हा, असा वर्षानुवर्षांचा रियाज त्यामागं होता.

पुढं ते गंधर्व नाटक मंडळीत आले. १९१३ साली निघालेली ही बालगंधर्वांची नाटकमंडळी. महाराष्ट्राला थिरकवा ठाऊक झाले ते इथं. सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर थिरकवा आणि रंगभूमीवर बालगंधर्व! ज्यांनी जन्मात गाण्याची बैठक पाहिली नव्हती, अशा शेतकऱ्या-दुकानदारांच्या कानांवरही उत्तम तबला पडला तो नाटकामुळं.

आता एक प्रश्न. गायकामागं बसणारा तो दुय्यम का? पूर्वी तसंच समजत. गायकाचं नाव मोठ्या अक्षरांत. तबलजीचं छापलं तर छापलं. थिरकवांचं मोठेपण असं, की त्यांनी ही समजूत भांडून नव्हे, वाजवून मोडली. पद चालू असताना शब्दावर बोट पडू द्यायचं नाही. जागा मिळाली, की तेवढ्यात चार बोल असे टाकायचे, की पद उजळून निघावं. आणि समेवर मुकाट्यानं गायकापाशी परत यायचं. कुठं बोलावं आणि कुठं गप्प राहावं, हे ज्याला कळलं तोच खरा साथीदार. एकट्यानं वाजवायला बसले, म्हणजे हाच माणूस पेशकार, कायदा, रेला, गत असा भरगच्च दरबार मांडी. नुसता तबला ऐकायला लोक जमू लागले, त्यात थिरकवांचा वाटा फार मोठा.

नाटकमंडळीनंतर ते रामपूरच्या नबाबांच्या पदरी राहिले. स्वातंत्र्यानंतर संस्थानं गेली, आश्रय गेला. पण विद्येला नवी दारं उघडली. नभोवाणीवरून त्यांचं वादन दूरवर पोहोचलं. लखनौच्या भातखंडे महाविद्यालयात ते शिकवू लागले. १९७० साली पद्मभूषण मिळालं. १९७६ च्या जानेवारीत लखनौ इथंच ते निवर्तले. त्यांची विद्या मात्र इथंही रुजली होती. 'गुणिदास' जगन्नाथबुवा पुरोहित तबला त्यांच्यापाशीच शिकले. कोकणातून आलेले भाई गायतोंडेही त्यांचे शागीर्द. मुरादाबादचा उस्ताद आणि कणकवलीकडचा शिष्य! विद्येला ना मुलूख आड येतो, ना धर्म.

गुरुजी, आपल्याला एक विनंती. शाळेत तबला नसेल तर नसो. मुलांचे तळहात आहेत ना? त्रितालाच्या सोळा मात्रा, चार-चारांचे चार विभाग:

धा धिं धिं धा । धा धिं धिं धा । धा तिं तिं ता । ता धिं धिं धा

पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी द्यावी. नवव्या मात्रेला हात नुसता बाजूला न्यावा. ती खाली. या तिसऱ्या विभागात 'धिं'चं 'तिं' होतं, म्हणजे डग्ग्याची घुमार थांबते. डोळे मिटूनही कळतं, की अर्धा फेरा झाला, आता समेकडं परतायचं. तारप्याभोवती फिरणाऱ्या मुलांना हा फेरा समजावायला फार वेळ लागणार नाही.

आणि पुढच्या वेळी देवळात भजन उभं राहिलं, की गाणाऱ्याबरोबर मागं बसलेल्या मृदंगवाल्याकडंही पाहा. भजन संपल्यावर त्याचं नाव विचारा. थिरकवांची आठवण ठेवायची तर ती अशी ठेवावी.