गंज उडवणारा उजेड

हंगामभर ऊस वाहून ट्रक-ट्रॅक्टर थकतात. बारामती-इंदापूरकडे कारखाने बंद झाले की दुरुस्ती निघते. आस, चासी, ट्रॉलीचा हूक गंजलेले असतात. गंजाखाली लोखंडाला चीर असली तर दिसत नाही. तीच पुढे भरल्या ट्रॉलीचा घात करते.

म्हणून आधी गंज काढायचा. आपण तारेचा ब्रश मारतो. कुठे वाळूचा मारा करतात. पण तिची बारीक धूळ छातीत बसून फुप्फुसे निकामी करते.

आता लेसर आला आहे. लेसर म्हणजे एकवटलेला प्रखर उजेड. पहिला लेसर १९६० साली अमेरिकेत मेमन यांनी बनवला. भिंगाने ऊन एकवटले की कागद जळतो ना? तसेच हे. उजेडाचा ठोका क्षणभर बसतो. गंज तापून उडून जातो. खालचे चकचकीत लोखंड बराच उजेड परत फेकते, म्हणून शाबूत राहते.

पण ध्यानात ठेवू या. लेसर झीज भरत नाही, चीर सांधत नाही. त्याच्या उजेडाने डोळा कायमचा जाऊ शकतो. उडणारा धूरही घातक. म्हणून त्याचा खास चष्मा आणि धूर ओढणारे यंत्र हवेच. लोखंड नवे मिळते, डोळा मिळत नाही.