पन्हाळा : पाण्याच्या नावाचं गाव

कोल्हापूरच्या वायव्येला साधारण वीस किलोमीटरवर तीन हजारांच्या आसपास वस्तीचं एक गाव किल्ल्याच्या तटाआत नांदतं. तहसील कचेरी, नगरपरिषद, बाजार, शाळा, सगळं गडावरच. पन्हाळा म्हटलं की आपल्याला सिद्दी जौहरचा वेढा आणि शिवाजी महाराज त्यातून निसटले ती १६६० सालची पावसाळी रात्र आठवते. मला मात्र या गावाचा इतिहास त्याच्या पाण्यापासून सांगावासा वाटतो.

गडाचा माथा जांभ्याचा, खाली काळा कातळ. सच्छिद्र जांभ्यात पाऊस मुरतो, कातळाशी अडतो आणि वाट सापडेल तिथून झरा होऊन बाहेर येतो. शिलाहार राजांच्या लेखांत या दुर्गाची नावं येतात ती प्रणालक आणि पद्मनाल. प्रणाल म्हणजे पाणी वाहून नेणारी वाट. त्याच शब्दातून आलेली वळचणीची पन्हळ आपण सगळ्यांनीच पाहिलेली आहे. पौराणिक परंपरा गडाला पन्नगालय, म्हणजे नागांचं घर म्हणते आणि इथल्या गुहा पराशर ऋषींच्या मानते. तरी मला प्रणालच पटतो, कारण त्याच्या बाजूने खुद्द डोंगर साक्ष देतो.

शिवाजी महाराजांच्या कोंडाजी फर्जंदांनी १६७३ साली मोजक्या माणसांनिशी गड घेतला. जयराम पिंड्ये यांनी त्या पराक्रमावर संस्कृत काव्य रचलं, त्याच्या शीर्षकातही ‘पर्णालपर्वत’ आहे. १७०१ मध्ये औरंगजेबाने गड घेऊन नाव ठेवलं नबीशाहदुर्ग. ते कागदावरच राहिलं. पुढे ताराबाईंच्या काळापासून १७८२ पर्यंत करवीरची गादी इथे होती, पण पन्हाळ्याचा पन्हाळाच राहिला.

तटाआतली नावं तर जपून ठेवावीत अशी आहेत. अंबरखान्यातल्या धान्यकोठारांना गंगा, यमुना, सरस्वती म्हणतात. वेढ्यात शिबंदी जगवणारं धान्य नद्यांच्या नावाने साठवलेलं! सोमेश्वरापाशी सोमाळे तळं, साधोबाच्या दर्ग्यापाशी साधोबाचं तळं. अंधारबाव तर विहिरीवर बांधलेली मजल्यांची इमारतच. शत्रूने पाण्यात विष कालवू नये म्हणून केलेली ही तजवीज. चार दरवाजा इंग्रजांनी १८४४ च्या उठावानंतर पाडला. आता अवशेषच उरलेत, पण जागेचं नाव तेच आहे.

पाणी इथे आजही आपला हक्क सांगतं. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत गडावर येणारा मुख्य रस्ता खचला आणि वाहनांची ये-जा थांबली. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातल्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून पन्हाळा जागतिक वारसा यादीत गेला. आता नवे फलक लागतील, वाहनतळ वाढतील. त्याआधी तळ्यांतला गाळ निघावा, बावी आणि झऱ्यांची नोंद व्हावी, उताराचं पाणी वाहून जाण्याच्या जुन्या वाटा बांधकामाखाली बुजू नयेत. आणि गडाच्या नकाशावर बुरुजांइतक्याच ठळक अक्षरांत सोमाळे, साधोबा, अंधारबाव ही नावंही छापावीत.