वशिंड, चिमटा आणि ताकदीचं इंजेक्शन

उमरग्याकडे खोंडाला चिमटा लावायची घाई कुणी करत नाही. त्यात जनावर देवणी असेल तर मालक आणखीच थांबतो. ‘मान भरू दे, वशिंड उठू दे, मग बघू,’ असं आमचे आबा म्हणायचे. दोन-अडीच वर्षांचा झाला की त्याला जनावरांच्या दवाखान्यात न्यायचं, आडवं पाडून पाय बांधायचे. डॉक्टर बर्डिझोचा चिमटा कातडीवरूनच दाबायचे. रक्ताचा थेंब नाही. आतली नस चिरडायची, रक्तपुरवठा तुटायचा आणि काही आठवड्यांत वृषण आक्रसून जायचे. कालपर्यंत दावं तोडणारा खोंड मग मुकाट जुवाखाली मान द्यायचा.

टेस्टोस्टेरॉन हा शब्द आबांनी उभ्या जन्मात ऐकला नसेल. पण ते अंगात असताना काय होतं आणि गेल्यावर काय, हे त्यांना पाठ होतं. 1849 मध्ये जर्मनीतल्या गॉटिंगेनच्या आर्नोल्ड बेर्टहोल्ड यांनी हेच कोंबड्यांवर करून पाहिलं. वृषण काढले की तुरा सुकायचा, आरवणं बंद व्हायचं. तेच वृषण पोटात भलत्याच जागी बसवले तरी तुरा पुन्हा लाल. म्हणजे जे काही होतं ते रक्तातून जात होतं. ते शुद्ध स्वरूपात हाती लागायला 1935 उजाडलं. ॲमस्टरडॅमच्या प्रयोगशाळेत ते काढलं वळूच्या वृषणांतून. बैल तिथे काय कामाचा!

माणसात हे संप्रेरक आवाज फोडतं, दाढी आणतं आणि पुढे जन्मभर हाडं, स्नायू, रक्तातल्या लाल पेशी, कामेच्छा सांभाळतं. तिशी-चाळिशीनंतर ते वर्षाला साधारण एक टक्क्याने उतरतं. बाईची पाळी जाते तसं पुरुषाचं एकदम काही थांबत नाही. खरा घोटाळा पोटाचा आहे. चरबीतलं एक विकर टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करतं. त्यात साखरेचा आजार आणि घोरत तुटणारी झोप यांची भर. म्हणून ढेरी उतरली की पुष्कळदा आकडाही आपोआप वर येतो.

तो आकडा पाहायचा तर सकाळी, शक्यतो उपाशीपोटी, आणि एकदा नव्हे, दोनदा. संध्याकाळी तो मुळातच कमी असतो. दोन्ही वेळा डेसिलीटरला 300 नॅनोग्रॅमच्या खाली आला आणि लक्षणंही असली, तरच डॉक्टर औषधाचा विचार करतात. नुसता थकवा आहे म्हणून टेस्टोस्टेरॉन घेणं म्हणजे पेट्रोल संपलेल्या गाडीचा हॉर्न बदलणं.

आता हायवेलगतच्या गावांतही जिम आल्यात, आणि दंड फुगवायला ‘कोर्स’ करणारी पोरंही. इथे खोंडाचा हिशोब उलटा फिरतो. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी रक्तातलं टेस्टोस्टेरॉन सतत जोखत असते. बाहेरून सुई आली की तिला वाटतं, माल भरपूर आहे. ती वृषणांना हुकूम धाडणं बंद करते. शुक्राणू बनायला लागणारं टेस्टोस्टेरॉन वृषणाच्या आत रक्तापेक्षा कितीतरी पट दाट असावं लागतं. दंडात टोचलेलं तिथवर तेवढं पोचतच नाही. दंड भरतात, वृषण बारीक होतात, शुक्राणू कधीकधी शून्यावर येतात. चिमट्याशिवायच खच्चीकरण, तेही पदरचे पैसे मोजून! वर लाल पेशी वाढून रक्त घट्ट होतं ते वेगळंच.

सुई थांबवली की बहुतेकांचे शुक्राणू परत येतात, पण त्याला काही महिने, कधी वर्ष-दोन वर्षंही लागतात. तोवर घरात पाळणा हलत नाही म्हणून सुनेच्या सोनोग्राफीच्या चकरा सुरू झालेल्या असतात. नवऱ्याची साधी वीर्यतपासणी सगळ्यात शेवटी, तीही सासूबाईंची नजर चुकवून. रिपोर्टवर शून्य आलं की डॉक्टर त्याला दार लोटून घ्यायला सांगतात आणि हलक्या आवाजात विचारतात, ‘जिमला जाता का? कसली इंजेक्शनं घेतलीत?’