खाऱ्या वाऱ्यातली सदाफुली

छत्रपती संभाजीनगरात बसून समुद्रकाठच्या बागेवर बोलायचं म्हणजे विहिरीवर बसून पोहण्याचं व्याख्यान देण्यासारखं आहे. आमच्याकडे पाणी जायकवाडीचं, तेही रोज येईल याचा भरवसा शहरानं वर्षानुवर्षं धरलेला नाही. पण माझी थोरली बहीण लग्न होऊन गुहागरच्या बाजूला गेली आणि तिच्यामुळे मला समुद्र थोडाफार कळला. मी वनस्पतीशास्त्राचा मास्तर. अक्काला वाटायचं, भावाला झाडांतलं सगळं कळतं. ते खरं नव्हतं, हे पुढं दिसेलच.

तिच्या घरापासून लाटांचा आवाज ऐकू येतो. मागं माडाची वाडी, पुढं खळं, त्यापलीकडे जांभ्याच्या चिऱ्यांचा गडगा. देवाला वाहायला दारची दोन फुलं असावीत, एवढीच तिची इच्छा. तिनं गुलाब लावला. त्याच्या पानांच्या कडा विस्तवावर धरल्यासारख्या तपकिरी झाल्या. शेवंती पहिल्याच आषाढात कुजली. मोगरा जगला, पण रुसल्यासारखा. "तुझ्याकडचं काही चिवट असेल तर घेऊन ये," असं तिनं पत्रातून कळवलं. मी दिवाळीच्या सुटीत दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत सदाफुलीची आठ रोपं घेऊन रात्रीच्या एस.टी.नं निघालो. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी पिशव्यांत डोकावून विचारलं, "हे तर उकिरड्यावर पण उगवतं की हो, एवढं लांब काय नेताय?"

बाईंचं म्हणणं बरोबर होतं. उकिरड्यावर, नालीच्या कडेला, पडक्या भिंतीच्या फटीत, कुठंही उगवणारं हे झाड. पण ते मूळचं इथलं नाही. त्याचं माहेर मादागास्कर. तिथून ते जहाजांबरोबर उष्ण प्रदेशांत सगळीकडे पसरलं. कार्ल लिनियसनं १७५९ मध्ये त्याला व्हिंका रोझिया असं नाव दिलं. आता शास्त्रीय नाव कॅथरँथस रोझियस आहे, तरी रोपवाटिकावाले अजून 'विंका'च म्हणतात. कण्हेर, तगर, चाफा यांचं हे भावंड. याच्या बिरादरीतली एक बुटकी, बारीक पांढऱ्या फुलांची जात मात्र आपल्याच देशातली आहे. ती शेतात तण म्हणून उगवते आणि तिच्याकडे कुणी बघत नाही.

आता खाऱ्या वाऱ्याचं. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ घालून ठेवलं की थोड्या वेळानं पाणी सुटतं. मीठ पेशींतलं पाणी बाहेर ओढून घेतं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. वारा लाटांचे बारीक तुषार उडवतो, ते पानावर बसतात, पाणी उडून जातं आणि मीठ मागं राहतं. पानाच्या कडेला कोशिंबिरीची गोष्ट घडते. त्यात उन्हाळ्याच्या शेवटी किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ होतात. म्हणजे वरून मीठ आणि खालूनही मीठ. मुळाशी क्षार वाढले की माती ओली दिसते आणि झाड मात्र तहानलेलं राहतं. सदाफुलीचं पान जाडसर आणि तुकतुकीत असतं, त्यावर मेणासारखा थर असतो. तुषार त्यावर फारसे चिकटून राहत नाहीत. ती कोरडं सोसते, बऱ्यापैकी खारंही सोसते. तामिळनाडूच्या दक्षिण किनाऱ्याकडच्या जिल्ह्यांत कोरडवाहू जमिनीवर तिची शेतीच होते, पानं आणि मुळं परदेशी जातात.

मग माझी आठ रोपं मेली कशानं? पाण्यानं. अक्कानं ती प्रेमापोटी मोरीच्या पाण्यावर, खोलगट जागेत लावली होती. फाल्गुनात पत्र आलं, फुलांनी भरलीत म्हणून. श्रावणात दुसरं पत्र आलं, एकही राहिलं नाही म्हणून. खोड जमिनीलगत काळं पडलं, वरची पानं एका दिवसात मलूल झाली. ही मूळकूज. साचलेल्या पाण्यात बुरशीसारखे सूक्ष्मजीव मुळांत शिरतात. सदाफुलीला मीठ मारत नाही, ऊन मारत नाही, पण पाय ओले राहिले की ती चार दिवसांत जाते. आमच्याकडे वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. कोकणात त्याच्या चौपट किंवा जास्तच. मी इथल्या अनुभवावर तिथला सल्ला दिला होता. 'हिला मरण नाही' असं छातीठोकपणे सांगितलं होतं.

दुसऱ्या खेपेला मी जरा विचार करून गेलो. गडग्याच्या आतल्या बाजूला, जिथं सकाळचं ऊन येतं पण समुद्राचा वारा सरळ आदळत नाही, तिथं वीतभर उंचीचा वरंबा केला. निम्मी पुळणीची वाळू, निम्मी जांभ्याची लाल माती आणि त्यात चांगलं कुजलेलं शेणखत. शेणखत बेतानं. खत जास्त झालं की पानंच माजतात आणि फूल कमी येतं. काथ्याचा भुसा घालायचा मोह तिकडे सगळ्यांना होतो, कारण तो फुकट मिळतो. पण त्यात मीठ असतं. तो दोनतीनदा गोड्या पाण्यात भिजवून, पिळून मगच वापरावा. पागोळ्यांखाली रोप लावू नये. रोपांमध्ये हातभर अंतर ठेवावं, म्हणजे वारा खेळतो आणि पानं लवकर वाळतात.

लावणीचा काळ हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. आमच्याकडे मृगाच्या पावसावर रोप लावलं तरी चालतं. किनाऱ्यावर ते पाऊस सरल्यावर लावावं, नवरात्र ते दिवाळी या दिवसांत. म्हणजे त्याला पुढं सात-आठ महिने मुळं धरायला मिळतात. पहिले पंधरा दिवस झावळीचा आडोसा द्यावा. पाणी सकाळी, मुळाशी घालावं. रोज चुळकाभर पाणी घालण्यापेक्षा दोनतीन दिवसांनी भरपूर घालावं. चुळकाभर पाण्यानं मीठ वरच्या थरातच राहतं, भरपूर पाण्याबरोबर ते खाली निघून जातं. वादळी वारा येऊन गेला की दुसऱ्या सकाळी पानांवर एक झारी गोडं पाणी ओतावं. पानांवर पाणी ओतायचं ते एवढ्यापुरतंच.

यातली मिठाची गोष्ट मला इथं शहरात उपयोगी पडली. आमच्या कॉलनीत नळाचं पाणी आलं नाही की बोअरचं वापरतात. कुंडीच्या कडेला पांढरा खार फुटतो, तो तुम्हीही पाहिला असेल. ते समुद्राचं मीठ नव्हे. त्यात मुख्यतः चुना आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. त्यानं पान जळत नाही, पिवळं पडतं. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. लोकांना वाटतं खत कमी पडलं. प्रत्यक्षात मातीत लोह असतं, पण चुनखडीमुळे ते झाडाला उचलता येत नाही. कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी, म्हणून अक्काच्या सदाफुलीचं पान काळपट हिरवं, माझं फिकट. मी लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस आणि लिंबाचे चार थेंब घालून उन्हं उतरल्यावर फवारतो. पंधरवड्यात नवी पानं हिरवी येतात. जुनी तशीच राहतात, त्यांच्याकडे बघत बसू नये.

एका रोगाबद्दल सांगितलंच पाहिजे. कधी कधी पानं एकदम बारीक होतात, झुडूप केरसुणीसारखं दिसतं आणि फुलांच्या जागी हिरवे गुच्छ येतात. तुडतुडे पसरवतात तो हा रोग, औषध नाही. रोप उपटून टाकावं. मी एकदा कौतुकानं असं झाड मुलांना दाखवायला ठेवलं आणि सगळी रांग गमावली.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय निवडला ती सांगतो.

अक्काचा वरंबा छान जमला. गुरं, शेळ्या या झाडाला तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाचीही गरज पडली नाही. जनावरं का खात नाहीत, हे मी तेव्हा सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. आमचे दाजी मधुमेहाच्या गोळ्या घेत होते. कुणीतरी त्यांना म्हणालं, दारात औषध असताना गोळ्या कशाला? दाजींनी गोळ्या सोडल्या नाहीत, पण रोज उपाशीपोटी सदाफुलीची पाच पानं चावून खायला सुरुवात केली. महिनाभर कुणाला बोलले नाहीत. मळमळ, अशक्तपणा, तळपायाला मुंग्या. एका सकाळी खळ्यातच घामानं डबडबून खाली बसले. साखर फार खाली गेली होती. चिपळूणला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्यांशिवाय आणखी काय घेता? अक्कानं रात्री फोन केला. ती चिडली नव्हती. एवढंच म्हणाली, "झाड तू दिलेलं, आणि हे तू सांगितलं नाहीस."

मी तीस वर्षं वर्गात या झाडातली अल्कलॉइडं फळ्यावर लिहीत होतो. शंभराहून अधिक आहेत. मुळांतल्या काहींचा रक्तदाबावर परिणाम होतो. पानांतल्या दोन जगप्रसिद्ध आहेत, व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन. त्यांची कथा मधुमेहापासूनच सुरू होते. जमैकात या पानांचा काढा मधुमेहावर घेत असत. १९५२ मध्ये तिथल्या एका डॉक्टरांनी पंचवीस पानं पाकिटात घालून कॅनडातल्या डॉ. क्लार्क नोबल यांना पाठवली. त्यांनी ती आपले बंधू रॉबर्ट नोबल यांच्याकडे दिली. त्यांच्या प्रयोगशाळेत उंदरांवर प्रयोग झाले. रक्तातल्या साखरेवर म्हणावा तसा परिणाम दिसला नाही. पण अर्क टोचलेले उंदीर संसर्गानं मरू लागले, कारण त्यांच्या पांढऱ्या पेशी झपाट्यानं कमी झाल्या होत्या. दुसऱ्या कुणी प्रयोग तिथंच सोडला असता. नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी उलटा विचार केला. ज्या रोगात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, त्याचं काय? १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिनची माहिती प्रसिद्ध झाली. व्हिनक्रिस्टिनला अमेरिकेत १९६३ मध्ये मान्यता मिळाली. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते आजही वापरतात. शेकडो किलो वाळलेल्या पानांतून जेमतेम ग्रॅमभर औषध निघतं. ते शिरेतून, वजन-उंचीच्या हिशेबानं, रक्त तपासून दिलं जातं. एवढी काळजी घेऊनही हातापायांना मुंग्या येतात.

आपल्या शहरात आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. तिथून जाताना मला नेहमी गंमत वाटते की रस्त्याच्या कडेला ज्या झाडाकडे कुणी बघत नाही, त्याचाच अंश आत मोजूनमापून दिला जात असेल. पण पान चावताना कुठलंच मोजमाप नसतं. कुठल्या रोपात काय किती, हे जागेवर, मातीवर, ऋतूवर बदलतं. आणि वर मधुमेहाची गोळी चालू असली तर दोन्ही मिळून साखर कुठवर खाली नेतील, सांगता येत नाही. गरोदर बाईनं तर याच्या वाटेलाच जाऊ नये. आयुर्वेदाच्या नावावर हे खपवणाऱ्यांना माझं सांगणं आहे की हे झाड परदेशातून आलेलं, जुन्या ऋषींना ते ठाऊक नव्हतं.

दाजी आठ दिवसांत घरी आले. अक्का कोयता घेऊन वरंब्याकडे निघाली होती. दाजींनीच अडवलं. "राहू दे गो, दोष झाडाचा नाही, माझ्या दातांचा," म्हणाले. पायाच्या मुंग्या जायला मात्र बरेच महिने लागले.

ती बाग अजून आहे. मूळची झाडं केव्हाच गेली. दोनतीन वर्षांनी खोड लाकडी होतं, फूल कमी येतं, तेव्हा नवी पिढी तयार ठेवावी लागते. दिवाळीनंतर निम्म्यावर छाटणी केली की ती आणखी एखादं वर्ष ओढते. बी धरायचं तर शेंगांची जोडी पिवळसर होताच खुडावी, नाहीतर त्या तडकून काळं बारीक बी उधळतं. बी पेरल्यावर मातीनं झाकायला विसरू नये, त्याला उगवायला अंधार लागतो. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात.

आता बी तिकडून इकडे येतं. गेल्या वर्षी अक्कानं पांढऱ्या फुलांचं बी पाकिटात घालून पाठवलं. पाकिटावर दाजींच्या अक्षरात लिहिलं होतं, 'फक्त पेरण्यासाठी'. मी गच्चीवरच्या ट्रेमध्ये वीस बिया टाकल्या, चौदा उगवल्या. फुलं आली तेव्हा त्यातली नऊ पांढरी आणि पाच गुलाबी निघाली. मी फोन करून विचारलं, गडग्यापलीकडे शेजाऱ्यांनी गुलाबी लावलीय का? अक्का म्हणाली, "पाखरांना काय गडगा दिसतो का रे?"